प्रश्न वाचकांचे : सड्यावरच्या आकृतींचा अर्थ कसा लावायचा?

गणपतीला गावी गेलेले वाचक ठाण्या-नवी मुंबईत परतले, की या सदराच्या टपालात कोकणातल्या सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर खोदलेल्या, कातळशिल्पांची छायाचित्रे येऊ लागतात. यंदा ती नेहमीपेक्षा अधिक आली. बहुतेकांत गवत गुडघाभर वाढलेले आहे, खोदलेल्या रेघांत पावसाचे पाणी साचले आहे आणि कडेला कोणाच्या तरी चपलेचे टोक आले आहे. ते चुकून आले असले, तरी आकृतीचा आकार कळायला आम्हाला त्याचाच उपयोग झाला. या आकृतींचा अर्थ काय, हाच प्रश्न जवळजवळ सर्वांनी विचारला आहे. काहींनी कोकणाबाहेरच्या चित्रांविषयीही लिहिले आहे. त्यांतली निवडक पत्रे येथे घेतली आहेत.

एक वाचक, नेरूळ : राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर आम्ही एक मोठी मनुष्याकृती आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाघासारखे दोन प्राणी पाहिले. सोबतच्या मार्गदर्शकाने हे सिंधू संस्कृतीचे चिन्ह असल्याचे सांगितले. वाटेत भेटलेले आजोबा म्हणाले की हे पांडवांनी एका रात्रीत खोदले. घरी आल्यावर भाच्याने दाखवलेल्या व्हिडिओत तीच आकृती आकाशातून येणाऱ्या यानासाठीची खूण ठरली. यांतले खरे काय?

आपल्या पत्रातला सर्वांत मोलाचा शब्द 'वाघासारखे' हा आहे. आपण 'वाघ' असे लिहिले नाही, आणि शैलकलेच्या अभ्यासाची सुरुवात या 'सारखे'पासूनच होते. समोर रेघा किती आहेत, त्या कोरून काढल्या आहेत की ठोकून, खोली किती, शेपटी वर आहे की खाली, अंगावर पट्टे आहेत की नाहीत, दुसऱ्या एखाद्या रेघेने त्यांना छेद दिला आहे का, याची नोंद आधी करायची असते. त्यानंतर ते काय असावे हे सुचवायचे, आणि ते कशासाठी काढले असावे हा प्रश्न त्याच्याही नंतरचा. आपल्याला मिळालेल्या तिन्ही उत्तरांनी पहिल्या दोन पायऱ्या ओलांडून थेट तिसरीवर उडी घेतली आहे.

सिंधू संस्कृतीचे साम्य निराधार आहे असे मात्र नाही. मोहेंजोदडोच्या काही मुद्रांवर दोन वाघांना दोन हातांनी रोखून धरणारी आकृती खरोखरच आहे. पण तशीच मांडणी मेसोपोटेमियात सापडते, आणि इजिप्तमधल्या गेबेल-अल-अरक येथील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुरीच्या हस्तिदंती मुठीवरही दोन सिंहांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. मध्ये माणूस आणि दोन्ही अंगांना जनावरे ही रचना इतकी सहज सुचणारी आहे, की ती एकाने दुसऱ्याकडून घेतली असे म्हणण्यासाठी निव्वळ दिसण्यापलीकडचा पुरावा लागतो. त्या सड्याच्या परिसरात हडप्पा काळातली खापरे, मणी, मुद्रा असे काही मिळायला हवे, किंवा काळ तरी जुळायला हवा. हडप्पा संस्कृतीची नगरे भरात होती ती इ. स. पूर्व २६०० ते १९०० या काळात. बरेच मार्गदर्शक सिंधूचे नाव घेतात आणि त्याच दमात ही शिल्पे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असल्याचेही सांगतात. ही दोन विधाने एका वेळी खरी ठरवायची, तर मधल्या काही हजार वर्षांचे काय करायचे, हेही त्यांनीच सांगायला हवे.

आजोबांच्या उत्तराला आम्ही हसणार नाही. गावाच्या आठवणीत ज्याचा कर्ता उरलेला नाही, असे कोणतेही मोठे काम आपल्याकडे पांडवांच्या नावावर चढते. नाशिकची बौद्ध लेणी 'पांडवलेणी' झाली ती अशीच. त्यामुळे ते उत्तर खोदणाऱ्यांविषयी काही सांगत नसले, तरी गावाच्या स्मृतीपेक्षा ही आकृती जुनी आहे एवढे नक्की सांगते, आणि अभ्यासकाने ते लिहून घेतलेच पाहिजे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या जागेला लोक 'बाहुल्यांचे टेंब' म्हणतात, आणि देवीहसोळची चौकोनी आकृती तर आर्यादुर्गेच्या देवळाजवळच आहे व गावाच्या श्रद्धेत तिला आजही जागा आहे. आजची श्रद्धा खोदणाऱ्यांची होती असे यावरून ठरत नाही. मात्र त्या जागेकडे लोकांचे लक्ष पिढ्यान् पिढ्या राहिले, हे त्यावरून दिसते.

आता यान. मोठी आकृती जमिनीवरून पूर्ण दिसत नाही, म्हणून ती आकाशातून पाहण्यासाठीच काढली असली पाहिजे, असा तो युक्तिवाद असतो. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे, आणि त्याच्यापाशी उभे राहून तो एका नजरेत मावत नाही, हे खरे. पण घराच्या पायाची आखणी करणारा गवंडी दोरी आणि चार खुंट्यांवर याहून मोठा आकार जमिनीवर उतरवतो, त्यासाठी त्याला उडावे लागत नाही. शिवाय त्या हत्तीच्या रेषेच्या आत काय आहे ते पाहावे. तिथे लहानमोठे अनेक प्राणी, मासे आणि पक्षी दाटीवाटीने खोदलेले आहेत, आणि ते नीट पाहायचे तर माणसाला हत्तीच्या पोटात शिरून, वाकून, पायांखाली बघतच चालावे लागते. वरून पाहण्यासाठी काढलेल्या चित्रात अशा बारीक कामाचे काही प्रयोजन उरत नाही.

मग खात्रीने काय सांगता येते? आकृती जांभ्याच्या उघड्या सड्यावर खोदलेल्या आहेत. त्यांत जमिनीवरचे आणि पाण्यातले प्राणी आहेत, माणसे आहेत आणि भौमितिक रचना आहेत. नांगर, पीक, गाडी असे काही त्यांत आढळत नाही. म्हणून ही शेतीपूर्व काळातल्या, शिकार आणि अन्नसंकलनावर जगणाऱ्या लोकांची कला असावी, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. ते आम्हालाही संभाव्य वाटते. पण चित्रात नाही म्हणून जगण्यात नव्हते, हा निष्कर्ष जपून काढायचा असतो. आपल्या दारातल्या रांगोळीत गोपद्मे असतात, गॅसची शेगडी नसते. काळ ठरवण्याची खरी अडचण दगडाची आहे. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या गुहांत चित्रांवर चुन्याचा थर चढला आहे, त्यातल्या युरेनियमवरून थराचे वय काढता येते, आणि २०२४ मध्ये तिथले एक चित्र किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचे असल्याचे अशाच रीतीने प्रसिद्ध झाले. उघड्या सड्यावर असा थर नाही, आणि खोदलेल्या रेघेत कार्बन पद्धतीने मोजता येईल असे सेंद्रिय काही उरलेले नाही. तेव्हा पुरावा आजूबाजूने गोळा करावा लागतो. परिसरात मिळणारी दगडी हत्यारे, जवळच्या गुहांतले उत्खनन आणि दगडाची झीज यांवर मदार राहते. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ स्थळे गेली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले एक स्थळ आहे. यादीत नाव आल्याने संरक्षणाला बळ मिळते, पण आकृतींचा अर्थ त्यामुळे उलगडलेला नाही.

एक वाचक, कळवा : देवाचे गोठणे येथील मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवले की सुई चुकीची दिशा दाखवते. पूर्वजांना ती शक्ती ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी ती जागा निवडली असेल ना?

सुई भरकटते ही गोष्ट अनेकांनी पाहिलेली आहे आणि तिला भौतिक कारण असू शकते. जांभ्यात लोहाचे प्रमाण मोठे असते, त्यातली काही लोहखनिजे चुंबकीय असतात, आणि उघड्या सड्यावर वीज पडली तरी तेवढ्या भागातला दगड चुंबकित होऊ शकतो. पुढची उडी मात्र तपासून पाहावी लागेल. होकायंत्र जवळ नसलेल्या माणसाला सुई भरकटते हे कसे कळले, हा पहिला प्रश्न. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न असा, की ज्या सड्यांवर एकही आकृती नाही तिथे कितीदा सुई अशीच भरकटते? पुढच्या सुट्टीत आपल्याकडे होकायंत्र असेलच, तर आकृतीपासून दूर, कोऱ्या कातळावर वीस-पंचवीस ठिकाणी ते ठेवून नोंद करावी आणि आम्हाला कळवावी. चमत्कार पाहायला सगळे आकृतीवरच होकायंत्र ठेवतात. कोऱ्या दगडावर ठेवण्याचा कंटाळा करतात.

एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे : वारली चित्रांतली त्रिकोणी माणसे आणि मध्य प्रदेशातल्या भीमबेटक्याच्या गुहांतली माणसे अगदी सारखी दिसतात. वारली परंपरा हजारो वर्षांची आहे असे सर्वत्र वाचते. मग प्रागैतिहासिक चित्रांचा अर्थ वारली लोकांनाच का विचारू नये?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत आवडला, कारण त्याचे अर्धे उत्तर 'विचारावा' असेच आहे.

आमच्या संकुलाच्या कुंपणभिंतीवर गेल्या वर्षी रंगाऱ्याने वारली पद्धतीचे तारपा नृत्य रंगवले. माणसांचा वळसा देखणा जमला, पण वळशाच्या बरोबर मध्यभागी विजेच्या मीटरच्या खोलीचे दार आले, म्हणून तारपा वाजवणाऱ्याला त्याने उचलून कोपऱ्यात, वळशाबाहेर उभा केला. पहिल्याच दिवशी डहाणूकडच्या आमच्या सुरक्षारक्षकाने विचारले, "अहो, हे नाचतात कशाभोवती?" तारप्याच्या नादामागे नाच जातो, तारप्याकडे पाठ करायची नसते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती भिंत चुकलेली दिसते, ज्याला ठाऊक नाही त्याला ती छान दिसते. आणि आणखी हजार वर्षांनी ती भिंत कोणाला सापडली, तर मधले दार हेच त्या लोकांचे पूजास्थान होते, असा निबंध खुशाल लिहिला जाईल.

लग्नाच्या चौकाचेही तसेच. बाहेरचा माणूस पाहील तर त्याला एक चौकोन, त्याच्या चारी बाजूंना नक्षीचे पट्टे आणि आत एक आकृती दिसेल. फार तर तो सजावट म्हणेल. ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना ठाऊक असते, की आतली आकृती पालघाट देवीची आहे, चौक सवासिनींनी तांदळाच्या पिठाने लिहायचा असतो, धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हणायची असतात, आणि त्यावाचून लग्न लागत नाही. यांतली एकही गोष्ट निव्वळ चौकोन पाहून कळणारी नाही. अर्थ रीतीत, गाण्यात आणि लिहिणाऱ्या बाईच्या हातात असतो. रेघ त्यातला थोडासाच भाग धरून ठेवते.

म्हणून जिथे माणसे आहेत तिथे माणसांना विचारणे, हा चांगला मार्ग आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रेकन्सबर्ग पर्वतातली सान लोकांची चित्रे बराच काळ शिकारीची साधी दृश्ये समजली जात. त्यांत मरणासन्न एलँड हरणाची शेपटी धरून उभा असलेला, पाय एकमेकांत अडकलेला एक माणूस आहे, आणि शिकारीच्या दृश्यात त्याचे काय काम, हे कोणाला सांगता येत नव्हते. १८७० च्या दशकात केपटाउनमध्ये विल्हेल्म ब्लीक आणि लुसी लॉइड यांनी सान लोकांच्या तोंडून कथा व समजुती उतरवून घेऊन सुमारे १२,००० पानांच्या वह्या भरल्या होत्या. १८७३ मध्ये छिंग नावाच्या सान वाटाड्याने जोसेफ ऑर्पेन यांना प्रत्यक्ष चित्रांसमोर उभे राहून काही सांगितले होते. शंभर वर्षांनी डेव्हिड लुइस-विल्यम्स यांनी या नोंदी चित्रांशेजारी ठेवून वाचल्या, आणि समाधीनृत्यात अंगात येणारा भगत व मरणारे हरिण यांना एकाच स्थितीत कल्पिलेले आहे, हे ध्यानात आले. आपल्याकडे अंगात येणे पाहिलेल्या माणसाला हे समजायला फार कठीण जाऊ नये.

पण सान नोंदी आणि सान चित्रे यांच्यात जो धागा होता, तो वारली आणि भीमबेटका यांच्यात नाही. भीमबेटक्याची चित्रे १९५७ मध्ये विष्णू श्रीधर वाकणकरांनी प्रकाशात आणली. तिथल्या एकेका भिंतीवर चित्रांवर चित्रे आहेत. खाली मोठाले वन्य पशू, वर कधीतरी घोडेस्वार आणि शस्त्रधारी माणसे, म्हणजे एकाच दगडावर हजारो वर्षांत कितीतरी निरनिराळे लोक येऊन गेले आहेत. त्यांतल्या नेमक्या कोणाशी वारलींचे नाते जोडायचे? कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतीवरचे पिठाचे चित्र फार दिवस टिकत नाही, त्यामुळे वारली चित्रकलेच्या हजारो वर्षांच्या वयाचा प्रत्यक्ष पुरावा हाती येणे अशक्यप्राय आहे. छापील पत्रकांतले आकडे साम्यावरून बांधलेले अंदाज आहेत. आणि साम्य म्हणाल, तर बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने भराभर माणूस काढायचा झाला, की दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे करणे हाताला सोपे जाते. तेव्हा वारली स्त्रियांना जरूर विचारावे, पण ते वारली चित्रांविषयी. भीमबेटक्याच्या बाबतीत त्यांचे उत्तर एक शक्यता सुचवते आणि शहरी माणसाच्या डोळ्यांवरची झापड थोडी दूर करते. त्याहून अधिक भार त्यावर टाकू नये.

एक महाविद्यालयीन विद्यार्थी, खारघर : कोकणातल्या काही आकृती गेंड्याच्या आणि पाणघोड्याच्या आहेत असे वाचले. म्हणजे तेव्हाचे कोकण वेगळे होते हे सिद्ध झाले का?

अजून नाही. आकृतीवरून प्राणी ओळखायचा, प्राण्यावरून हवामान ठरवायचे, आणि हवामान तसे होते म्हणून आकृती त्याच प्राण्याची, असे म्हणायचे, हा फेरा टाळायला हाडे लागतात. मिर्झापूरकडे जॉन कॉकबर्न यांना भाल्यांनी गेंड्याची शिकार करणाऱ्यांचे चित्र मिळाले, तेव्हा त्यांनी केन नदीच्या खोऱ्यातल्या गेंड्याच्या अश्मीभूत हाडांची त्याला जोड दिली आणि १८८३ मध्ये त्यावर लेख लिहिला. चित्र आणि हाड दोन्ही एकच सांगतात, तेव्हा शंकेला फारशी जागा उरत नाही. कोकणात अशा जोडीचा शोध हेच आपल्या पिढीच्या अभ्यासकांचे काम आहे. आपण भूगर्भशास्त्र शिकत आहात असे पत्रात लिहिले आहे. विषय मोकळा पडला आहे.

एक संगणक अभियंता, ऐरोली : युरोपातल्या गुहांत हजारो वर्षे तीच तीच ३२ चिन्हे वापरली गेली, असे समजले. ही लिपीच नव्हे का? संगणकाला दिली तर वाचता येणार नाही का?

कॅनडाच्या संशोधक जेनेव्हीव्ह फॉन पेट्झिंगर यांनी फ्रान्स, स्पेन, इटली आणि पोर्तुगालमधल्या ५२ गुहा स्वतः पायाखाली घालून हिमयुगातल्या भौमितिक चिन्हांची नोंद केली. ठिपके, रेघा, जाळी, शिडी, हाताचे ठसे असे मोजके ३२ प्रकारच पुन्हा पुन्हा येतात, असे त्यांना आढळले. इतक्या दीर्घ काळात प्रकार इतके थोडे, यावरून ती मनाला येईल तशी ओरखडलेली नव्हती, ती शिकून-शिकवून चालत आली होती, असे म्हणता येते. ही मोठीच गोष्ट आहे. लिपी म्हणायला मात्र चिन्हे ओळीने, ठरावीक क्रमाने, एकमेकांना धरून यावी लागतात. गुहांत ती बहुधा सुटी किंवा दोन-तीनच्या गटाने येतात, आणि संगणकाला क्रमच मिळाला नाही तर तो शोधणार काय? सिंधू लिपीत चिन्हे ओळीने येतात, सुमारे चारशे चिन्हे आहेत, संगणकही कामाला लागले आहेत, तरीही सर्वमान्य वाचन झालेले नाही, कारण लेख तोकडे आहेत आणि शेजारी ओळखीच्या भाषेतला मजकूर नाही.

२०२३ मध्ये बेन बेकन या लंडनमधल्या फर्निचर-दुरुस्ती करणाऱ्या हौशी अभ्यासकाने काही प्राध्यापकांसह एक निबंध प्रसिद्ध केला. प्राण्याशेजारचे ठिपके आणि रेघा म्हणजे वसंतापासून मोजलेले चांद्रमास, आणि वाय या इंग्रजी अक्षरासारखी खूण म्हणजे त्या प्राण्याचे विणे, असा त्यांचा तर्क आहे. कोणते ठिपके मोजणीत धरले आणि कोणते सोडले, यावर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. आमचे मत विचाराल, तर तर्क चुकीचा ठरला तरी त्याची जात चांगली आहे, कारण तो मोजून खोटा पाडता येतो. 'ही ऊर्जेची चिन्हे आहेत' हे विधान कोणालाही खोटे पाडता येत नाही, आणि तोच त्यातला दोष आहे.

चिन्हाचा अर्थ पक्का कधी कळतो, याचे उदाहरण आपल्या ठाणे जिल्ह्यातच आहे. शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ, म्हणजे दानाचा लेख कोरलेले दगड, आपण पाहिले असतील : वर सूर्य आणि चंद्रकोर, मध्ये लेख, खाली गाढवाची ती कुप्रसिद्ध आकृती. सूर्य-चंद्र म्हणजे 'आचंद्रार्क', जोवर ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावे, हे आपण ठामपणे सांगतो. ते का सांगू शकतो? कारण लेखांतले शब्दच ते सांगतात आणि दान मोडणाऱ्याला शाप देतात. मधला लेख घासून गेला असता आणि मराठी-संस्कृत जाणणारे कोणी उरले नसते, तर हाच दगड सूर्यपूजक टोळीचा ठरला असता, आणि खालच्या आकृतीवरून काय काय तर्क झाले असते याची कल्पना न केलेली बरी.

एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे : ऑस्ट्रेलियातल्या चित्रांत मोठे डोळे असलेली, तोंड नसलेली, डोक्याभोवती वलय असलेली माणसे आहेत. सहारातही गोल शिरस्त्राण घातलेली आकृती आहे. आपल्याकडे छत्तीसगडमधली चित्रेही परग्रहवासीयांची म्हणून गाजली. इतक्या दूरच्या ठिकाणी सारखेच चित्र कसे?

ती सारखी दिसतात कारण शेजारी शेजारी तीच तीन ठेवून दाखवली जातात. आसपासची शेकडो चित्रे दाखवली, की साम्य विरघळते.

ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या त्या आकृतींना वांजिना म्हणतात, आणि त्यांचा अर्थ गूढ नाही, कारण त्या ज्यांच्या आहेत ते लोक तिथेच राहतात. वांजिना हे पावसाचे आणि ढगांचे अधिपती. डोक्याभोवतीचे वलय म्हणजे ढग आणि विजा. तोंड काढले तर पाऊस थांबणारच नाही, म्हणून तोंड काढत नाहीत, असे सांगितले जाते. चित्र फिके पडले की ते पुन्हा रंगवण्याचा मान ठरलेल्या लोकांचा असतो. परग्रहाचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी त्यांना विचारण्याची तसदी घेतली नाही, आणि आम्हाला या प्रकरणात सर्वांत अधिक खटकते ते हेच.

सहारातल्या तासिली पठारावरच्या त्या प्रचंड आकृतीला 'मंगळावरचा थोर देव' हे नाव फ्रेंच संशोधक आँरी लोत यांनी १९५० च्या दशकात अर्धवट थट्टेत दिले. थट्टा विसरली गेली आणि नाव उरले. १९६८ मध्ये परग्रहवासी पृथ्वीवर येऊन गेले असे मांडणारे लेखक एरिक फॉन डॅनिकेन यांनी त्याच्यावर आपल्या कल्पनेचा मजला चढवला. गोल, जवळजवळ कोरे डोके ही तर तिथल्या एका मोठ्या कालखंडातल्या चित्रांची रीतच आहे. शिवाय लोत यांच्या पथकाने काढलेल्या प्रतींत काही चित्रे पथकातल्याच चित्रकारांनी घुसडलेली होती, हेही पुढे उघड झाले.

थोरामोठ्यांचे डोळेही फसतात. फ्रेंच शैलकलेचे आचार्य मानले गेलेले आँरी ब्रॉय यांनी नामिबियातल्या ब्रँडबर्ग पर्वतातली एक आकृती भूमध्यसागरी वळणाची गोरी स्त्री ठरवली आणि ती 'व्हाइट लेडी' म्हणून जगभर गाजली. ती आकृती पुरुषाची आहे, हातात धनुष्यबाण आहेत, पांढरा रंग अंगाला फासलेला असू शकतो, आणि काढणारे स्थानिकच होते, असे आज मानले जाते. फ्रान्समधल्या त्र्वा-फ्रेर गुहेतला शिंगे धारण केलेला 'मांत्रिक' पुस्तकापुस्तकांतून भेटतो तोही ब्रॉय यांनी रेखाटलेला. छायाचित्रात ती शिंगे तितकी स्पष्ट दिसत नाहीत, आणि भिंतीवरच्या बारीक कोरीव रेघा कितपत दिसतात यावर आजही वाद आहे. म्हणून एखादे गूढ चित्र पाहिले, की आपण दगड पाहत आहोत, छायाचित्र पाहत आहोत की कोणाच्या तरी हाताने काढलेली प्रत, हे आधी विचारावे. २०१४ मध्ये छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यातल्या चारामा परिसरातील चित्रांविषयी ज्या बातम्या आल्या, त्याही याच कसोटीवर घासून पाहाव्यात. तिथले लोक आकाशातून उतरलेल्या रोहेला नावाच्या बुटक्या माणसांची कथा सांगतात. ती कथा चित्रांनंतर चित्रे पाहूनच सुचलेली असू शकते, ही शक्यता बातम्यांत फारशी चर्चिली गेली नाही.

एक वाचक, डोंबिवली : लेण्यातल्या दगडी ओट्यावर सात-सात खळग्यांच्या दोन समांतर रांगा दिसल्या. सप्तर्षी?

बहुधा खेळ. दोन रांगांत सात-सात असे चौदा खळगे म्हणजे मंकला जातीच्या खेळाचा पट. कानडी मुलखात हाच खेळ अळगुळी मणे म्हणून लाकडी पाटावर अजून खेळतात. चिंचोके घेऊन बसावे, जमतो.

एक वाचक, वाशी : आमच्या गावच्या सड्यावर एक आकृती आहे, ती कुठेच नोंदलेली दिसत नाही. रेघा पुसट आहेत, म्हणून खडूने भरून छायाचित्र काढून पाठवू का?

खडूने भरू नका, चुना नको, कोळसाही नको. दगडाला अपाय होतो ते आहेच, पण पुसट जागी रेघ कुठून न्यायची हे आपल्या हाताने ठरवावे लागते. आपल्याला तिथे मासा दिसत असेल, तर तिथे मासाच उमटेल, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला मासाच दिसेल. त्याऐवजी सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात किंवा मावळतीला जावे. उन्हे तिरपी असली की उथळ रेघेतही सावली धरते आणि दुपारी कोरा वाटणारा कातळ भरलेला दिसतो. गवत असेल तर मार्गशीर्षापर्यंत थांबावे. आकृतीशेजारी मोजपट्टी किंवा निदान एखादी सहा इंची पट्टी ठेवून चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, उत्तर दिशा लिहावी, जवळ पाणी, पाणवठा, वाट, देवस्थान, चिरेखाण काय आहे ते टिपावे. खाण जवळ असेल तर थांबू नये, तहसील कार्यालयाला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवून पोच घ्यावी. आणि ज्या जमिनीवर आकृती आहे त्या घरातल्या सर्वांत वयस्क बाईला त्या जागेचे नाव विचारून, ती म्हणेल तसेच, तिच्या बोलीत, न सुधारता लिहून पाठवावे.